खोटी पत्रं आणि एकशे एक दिवस



आपल्या जाफराबाद तालुक्यातल्या एका बचत गटात घडलेली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगणार नाही, बाईचंही सांगणार नाही. का सांगत नाही, ते माझं बोलणं संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.

गटाच्या सचिव ताईनं कर्जाचा हप्ता बँकेत भरला. पावती घेतली, पण त्या दिवशी पासबुकावर नोंद करून मिळाली नाही. संध्याकाळी गटातल्या दुसऱ्या एका ताईनं पासबुक पाहिलं. नोंद दिसली नाही. तिनं सचिवाला विचारलं नाही. मोबाईल काढला आणि आवाजी निरोप टाकला, ‘हप्ता भरलेलाच नाही, पैसे घरात वापरले.’ रात्रीपर्यंत तो निरोप तीन गावांत फिरला. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर सचिव ताईच्या सासूला बायांनी गाठून विचारलं, ‘काय हो, सूनबाईनं गटाचे पैसे खाल्ले म्हणे?’

आठ दिवसांनी पासबुकावर नोंद झाली. पैसे भरलेल्या तारखेलाच जमा होते. बैठकीत सगळ्यांसमोर पासबुक वाचून दाखवलं. निरोप टाकणारी ताई खाली मान घालून म्हणाली, ‘मी काही वाईट मनानं नाही टाकलं. गटाचे पैसे बुडू नयेत म्हणून टाकलं.’

ते ऐकलं आणि मला बीएला इतिहासात शिकलेला एक खटला आठवला. त्या खटल्यातले आरोपीही वाईट मनाचे नव्हते. उलट महाराष्ट्रातली फार मोठी माणसं होती ती. एक होते बाळ गंगाधर टिळक आणि दुसरे गोपाळ गणेश आगरकर. दोघांचाही पहिला तुरुंगवास इंग्रज सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल झाला नव्हता. एका माणसाबद्दल खोटं छापल्याबद्दल झाला होता. आज त्याच खटल्याविषयी बोलू.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. म्हणून ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन पाळतात. दर्पण म्हणजे आरसा. आरशानं जे समोर आहे तेच दाखवावं, एवढीच अपेक्षा. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, जानेवारी १८८१ मध्ये, पुण्यात दोन पत्रं निघाली. मराठीतलं ‘केसरी’ आणि इंग्रजीतलं ‘मराठा’. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांच्या मित्रांनी ती काढली. ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक. दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला. म्हणजे ऐन पंचविशीतली पोरं. खिशात पैसा नाही, पण लोकांसाठी काहीतरी करायचं ही तळमळ मोठी.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, वयानं विशीच्या आतले. महाराजांना वेड लागलंय असं सरकारी माणसं सांगत होती. कारभार होता दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती. महाराजांचा छळ होतोय, त्यांना मुद्दाम वेडं ठरवलं जातंय, असं लोकांत बोललं जात होतं. छत्रपतींच्या गादीवरचा तरुण मुलगा आणि त्याचे हाल! सगळा महाराष्ट्र हळहळत होता.

अशा वेळी पुण्यात काही पत्रं या मंडळींच्या हाती आली. ती बर्व्यांनी स्वतः लिहिली आहेत असं सांगण्यात आलं. महाराजांविरुद्धच्या कटात बर्व्यांचाच हात आहे, असं त्या पत्रांवरून दिसत होतं. मनात जी शंका होती, तिचा पुरावा आयता हातात आला. ‘केसरी’नं आणि ‘मराठ्या’नं बर्व्यांवर कडक टीका केली.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू. आपल्या मनात आधीच एखाद्याबद्दल शंका असली, की तिला दुजोरा देणारा कागद आपण उलटून पालटून पाहत नाही. ‘बघा, मी म्हणतच होते!’ असं म्हणून मोकळ्या होतो. जी गोष्ट आपल्याला खरी वाटावीशी वाटते, तीच जास्त तपासायला हवी. पासबुक पाहणाऱ्या ताईचंही तसंच झालं होतं आणि एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातल्या त्या शिकलेल्या, हुशार माणसांचंही तसंच झालं होतं.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पुण्यात सुरू झालेला हा खटला पुढे मुंबईच्या हायकोर्टात गेला. त्याला ‘कोल्हापूर प्रकरण’ किंवा ‘बर्वे प्रकरण’ म्हणतात. खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. त्यांचं वय तेव्हा अवघं एकतीस होतं. एकीकडे घरचा कर्ता माणूस गेल्यासारखं दुःख आणि दुसरीकडे कोर्टाची तारीख.

कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. हातात असलेला ‘पुरावा’ म्हणजे नुसता खोटा कागद. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. आम्ही चांगल्या हेतूनं लिहिलं होतं, ही त्यांची बाजू खरीही होती. पण बर्व्यांनाही अब्रू होती. त्यांच्यावर कटाचा आरोप छापून घरोघरी गेला होता. कोर्टानं दोघांनाही दोषी धरलं आणि जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची कैद सुनावली.

त्यांना मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात ठेवलं. शिक्षेत थोडी सूट मिळाली आणि एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, दोघं सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. आत दोघंही वाळले. पण रात्र-रात्र शाळा, शिक्षण आणि समाज यावर इतक्या मोठमोठ्यानं वाद घालायचे, की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावं लागे.

या खटल्याच्या वेळी त्यांच्या मदतीला कोण धावलं, हेही सांगायला हवं. जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. त्या काळातले दहा हजार म्हणजे डोंगराएवढी रक्कम. महात्मा जोतीराव फुले यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे या व्यापाऱ्यानं तो जामीन भरला. सुटून आल्यावर सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दोघांचा सत्कारही केला. विचार वेगळे असले, तरी ही मुलं लोकांच्या बाजूनं बोलतात, चुकली पण खोटारडी नाहीत, हे फुल्यांना कळत होतं. चुकणाऱ्यात आणि खोटं पेरणाऱ्यात फरक असतो. पण ज्याच्यावर आरोप झाला त्याला मात्र दोन्हींचा घाव सारखाच लागतो. म्हणून शिक्षा टळली नाही.

आता गोष्टीचा सगळ्यात दुःखाचा भाग ऐका. महाराजांचे हाल ही काही नुसती अफवा नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी, खटल्यानंतर दीड वर्षाच्या आतच, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. म्हणजे लोकांच्या मनातली काळजी खरी होती. पण ती काळजी खोट्या पत्रांच्या आधारानं मांडली गेली आणि कोर्टात चर्चा महाराजांच्या हालांची न होता बनावट कागदांची झाली. माझ्या मते कोल्हापूर प्रकरणाचा खरा धडा हाच आहे. खऱ्या दुःखाला खोट्याचा टेकू दिला, की खोटं पडताना खऱ्यालाही घेऊन पडतं.

आपल्याकडेही हेच होतं. रेशनच्या धान्यात खरंच वजन मारलं जात असतं. पण आपण रागाच्या भरात न पाहिलेल्या चार गोष्टी त्यात जोडतो. त्या चार खोट्या निघाल्या, की वजन मारल्याची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय, कोर्टाच्या भीतीनं तोंड बंद ठेवायचं? नाही. त्यासाठी कोल्हापूर प्रकरणाच्या वीस वर्षं आधीचा दुसरा एक खटला सांगते. तो मुंबईतल्या गुजराती समाजातला आहे, पण प्रश्न बायांच्या अब्रूचाच होता.

करसनदास मुळजी नावाचे एक तरुण सुधारक होते. विधवांच्या पुनर्विवाहावर निबंध लिहिला, म्हणून ज्या घरात वाढले त्याच घरातून त्यांना बाहेर काढलं होतं. पुढे ते ‘सत्यप्रकाश’ नावाचं पत्र चालवत. ऑक्टोबर १८६० मध्ये त्यांनी त्यात लेख लिहिला, की आपल्या पंथातले काही महाराज भक्त स्त्रियांशी गैरवर्तन करतात. त्यांनी जदुनाथजी महाराजांचं नावही घेतलं. जदुनाथजींनी पन्नास हजार रुपयांच्या भरपाईचा दावा ठोकला. समाजातल्या पुढाऱ्यांनी लोकांना दम दिला, की महाराजांविरुद्ध साक्ष देईल तो जातीबाहेर. या दमदाटीवरच वेगळा खटला झाला आणि त्या पुढाऱ्यांना दंड भरावा लागला.

करसनदासांनी माफी मागितली नाही, कारण त्यांच्याजवळ पुरावा होता. माणसं साक्षीला उभी राहिली. त्यांत आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. महाराजांवर उपचार केलेला डॉक्टर म्हणून जे माहीत होतं ते त्यांनी शपथेवर सांगितलं. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल करसनदासांच्या बाजूनं लागला आणि खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये त्यांना देण्याचा हुकूम झाला.

दोन्ही खटले शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे संपादक तरुण. दोन्हीकडे हेतू चांगला. दोन्हीकडे समोर मोठा माणूस. एक संपादक जिंकला आणि दोघांना तुरुंगात जावं लागलं. फरक धाडसात नव्हता. एकाकडे उभी राहणारी साक्ष होती, दुसऱ्यांकडे न तपासलेला कागद होता.

आता आजच्या कायद्याचं बोलू. टिळक-आगरकरांच्या वेळी १८६० चा भारतीय दंड संहिता हा कायदा होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानी येते. बोलून, लिहून, छापून किंवा चित्रानं कुणाच्या नावाला धक्का लावला, तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समाजसेवेची शिक्षाही आता त्यात घातली आहे. हा झाला फौजदारी मार्ग. भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करता येतो, जसा जदुनाथजींनी केला होता.

पण त्याच कलमात काही अपवाद आहेत. ते आपण बायांनी पाठ करून ठेवावेत. पहिला अपवाद असा, की गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकांच्या हिताचं असेल, तर ती अब्रुनुकसानी होत नाही. नुसती खरी असून भागत नाही, लोकांचं हितही लागतं. दुसरं असं, की ज्याला तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे, त्याच्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नाही. म्हणजे रेशनची तक्रार तहसीलदारांकडे लेखी दिली, नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार पोलिसांत दिली, गटाच्या हिशेबाची शंका ग्रामसंघाच्या बैठकीत मांडली, तर घाबरायचं कारण नाही. तीच शंका चारशे लोकांच्या व्हॉट्सॲपवर टाकली, तर मात्र गोष्ट वेगळी.

वर्तमानपत्रानं तुमच्याबद्दल खोटं छापलं, तर काय करायचं? आधी संपादकाला लेखी कळवायचं आणि दुरुस्ती छापायला सांगायची. त्यानं ऐकलं नाही, तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. रोजचं किंवा आठवड्याचं पत्र असेल, तर मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. प्रेस कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते, पण दंड किंवा कैद तिच्या हातात नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. कोर्टाच्या खर्चाला घाबरू नका. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो, मग तिच्या घरचं उत्पन्न कितीही असो.

आणखी एक गोष्ट. काही वेळा खरं असलं तरी छापता येत नाही. बलात्कार झालेल्या बाईचं किंवा मुलीचं नाव, किंवा ती ओळखू येईल असं काहीही छापणं गुन्हा आहे. मोबाईलवर तिचा फोटो पुढे पाठवणं हेही त्यातच आलं. ‘न्याय मिळावा म्हणून’ असं वर लिहिलं, तरी तो गुन्हाच.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं वर्तमानपत्र काढतो? पण ताई, आज प्रत्येकीच्या हातात छापखाना आहे. ‘केसरी’ आठवड्यातून एकदा निघायचा. आपला निरोप मिनिटाला निघतो आणि तो तपासणारं कुणी नाही.

त्याचा परिणाम काय होतो, ते आपल्या महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ रोजी पाहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं भिक्षा मागत होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. ते निरोप पुढे पाठवणाऱ्या कितीतरी आयांना वाटलं असेल, की आपण लेकरं वाचवतोय. हेतू तिथंही चांगलाच होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. निरोपावर दोन बाण दिसले, तर तो खूप हातांतून फिरून आला आहे असं समजा. त्या हातांपैकी एकानंही तपासलं असेल, याची खात्री नाही.

माझ्यासारख्या ज्या गटांच्या ॲडमिन आहेत, त्यांच्यासाठीही एक माहिती. सदस्यानं काही वाईट टाकलं, तर नुसती ॲडमिन आहे म्हणून तिला गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. त्या कामात तिचा हात असेल, तर गोष्ट निराळी. कायद्यानं आपण सुटतो. पण गट आपला असेल, तर ‘ताई, हे तपासलं का?’ एवढं विचारणं आपलं काम आहे.

आमच्या त्या गटानं मग एक ठराव केला. पैशाची शंका असेल, तर आधी जिच्यावर शंका आहे तिलाच विचारायचं. मग पावती आणि पासबुक पाहायचं. तरी समाधान झालं नाही, तर बैठकीत बोलायचं. मोबाईलवर पैशाचा आणि कुणाच्या चारित्र्याचा विषय काढायचा नाही. आणि चुकून खोटं गेलं, तर जिथं जिथं गेलं तिथं तिथं दुरुस्ती स्वतः पाठवायची. हा शेवटचा नियम त्या निरोप टाकणाऱ्या ताईनंच सुचवला. तिनं बैठकीत माफी मागितली आणि गिरणीवर जाऊन चार बायांसमोर सांगितलं, ‘माझंच चुकलं होतं.’ हे करायला हिंमत लागते.

आगरकरांनी तुरुंगातून सुटल्यावर लेखणी खाली ठेवली नाही. पुढे १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढलं. मुलींना शिकवा, बालविवाह बंद करा, विधवांचे हाल थांबवा, असं त्यांनी त्यात लिहिलं. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी लिहीत राहिले. आज तुम्ही-आम्ही शिकून हिशेबाची वही लिहितो, त्यात त्यांच्याही लेखणीचा वाटा आहे. चूक झाली म्हणून बोलणं सोडायचं नसतं, तपासून बोलायला शिकायचं असतं.

आमची सचिव ताई गटात परत आली आहे. दर महिन्याला बचत भरते, बैठकीला बसते. पण सचिवपद काही तिनं पुन्हा घेतलं नाही. हिशेबाची वही समोर सरकवली, की ती हळूच शेजारणीकडे सरकवते. तिची वही तिच्या हातात परत कशी द्यायची, यावर आमचा गट अजून विचार करतोय.

तुमच्या गटात अशी कुणी मागे सरकलेली ताई असेल, तर पुढच्या बैठकीला तिला हाताला धरून पुढे बसवा.